कोपर दुखतं, पण अडलंय खुब्यात: त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा गोल्फ धरलेल्या एका गृहस्थांचं प्रकरण

वय 53, राहणार पेडणे तालुका, उजव्या हाताने खेळणारे. रक्तदाब गोळीवर ताब्यात, साखर सीमारेषेवर. तक्रार एकच: उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या जरा खाली दुखणं. पाण्याने भरलेली बालदी उचलताना कळ, ओला टॉवेल पिळताना कळ, स्कूटरचा अ‍ॅक्सिलरेटर पिळतानाही कळ. माझ्या म्हापशाच्या क्लिनिकमध्ये ते आले ते वैशाखात, कोपराला पट्टा बांधून. पट्टा टेनिस एल्बोचा, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूला दाब देणारा. दुकानदाराने दिला, यांनी बांधला.

इथे त्यांना भाई म्हणतो. खरं नाव आणि गाव देत नाही. लिहायला त्यांची परवानगी आहे, अट एवढीच की स्कोअर छापायचा नाही.

चाळिशी-पन्नाशीत खेळाकडे परतलेली माणसं फिजिओथेरपिस्टला नवीन नाहीत. गोव्यात तर दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गावच्या मैदानावर पोटं सुटलेले माजी फुटबॉलपटू एकमेकांचे घोटे सुजवत असतात. गोल्फचा रुग्ण मात्र क्वचित येतो. पण हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण तेवढंच नाही. दुखणारी जागा एक आणि बिघाड भलतीकडेच असा हा मामला होता, आणि तो उलगडायला तपासणीच्या टेबलाइतकीच पेडण्यातल्या केरीच्या किनाऱ्यावरची ओली वाळू उपयोगी पडली.

आधीचा खेळ

भाई गोल्फ शिकले बहारीनमध्ये. विशीत तेल कंपनीत नोकरी, राहणं कंपनीच्या वसाहतीत, आणि जवळ अवालीचा वाळूतला गोल्फ कोर्स. आखातातल्या तेलाच्या वसाहतींत असे कोर्स होते. हिरवळ पिकवायला पाणी नाही, म्हणून सगळा खेळ वाळूवर. दुबईत एमिरेट्स गोल्फ क्लबचा संपूर्ण गवताचा कोर्स उघडला 1988 मध्ये. त्या भागात चॅम्पियनशिप दर्जाची हिरवळ पहिल्यांदा तिथेच उगवली. तोवर, आणि त्यानंतरही अनेक ठिकाणी, होलभोवतीची जागा म्हणजे तेल मिसळून दाबून बसवलेली वाळू. तिला ग्रीन न म्हणता ब्राऊन म्हणतात. मधल्या पट्ट्यात चेंडू पडला की खेळाडू खांद्यावरचा कृत्रिम गवताचा लहानसा तुकडा खाली अंथरतो, त्यावर चेंडू ठेवतो आणि फटका मारतो.

हा तपशील रंजक म्हणून दिलेला नाही, निदानाला त्याची गरज आहे. अशा तुकड्यावरून खेळणारा माणूस चेंडू वरच्या वर उचलायला शिकतो. गवतावर खेळणारे आयर्नने, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याच्या स्टिकने, चेंडूनंतर जमिनीचा पातळ काप काढतात, ती सवय भाईंना लागलीच नाही. तरुणपणी अंग भराभर वळत होतं तोवर त्याचं काही अडलं नाही. हँडिकॅप, म्हणजे खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट (जितकी कमी तितका खेळ चांगला), 16 पर्यंत उतरला होता. हौशी माणसाला ही अभिमानाची गोष्ट आहे.

मग लग्न, पाळ्यांची नोकरी, मुलांच्या शाळा. तिशी ओलांडता ओलांडता बॅग बंद झाली, गोव्याला आली आणि माळ्यावर चढली. ती खाली उतरली भाई नोकरी सोडून कायमचे घरी आल्यावर.

घरी आल्यावर प्रश्न पडला तो खेळायचं कुठे हा. काणकोणला राजबागच्या किनाऱ्यालगत एका रिसॉर्टात नऊ होलचा कोर्स आहे. मोबोरला साळ नदीच्या मुखापाशी बारा होलचा कोर्स बांधला गेला. बाणावलीत एका हॉटेलच्या आवारात छोट्या अंतराचे नऊ होल आहेत. ही सगळी नावं दक्षिण गोव्यातली. पेडण्याहून काणकोण म्हणजे या टोकाहून त्या टोकाला, अख्खा गोवा ओलांडून. आणि पेडण्यात गोल्फ हा शब्दच जरा जपून उच्चारावा लागतो. तेरेखोलच्या पठारावर गोल्फ रिसॉर्ट आणायचा घाट घातला गेला तेव्हा काजूच्या बागा कसणाऱ्या गावकऱ्यांनी तो अडवून धरला, प्रकरण न्यायालयात गेलं. त्यामुळे चहाच्या टपरीवर "मी गोल्फ खेळतो" म्हणणाऱ्याकडे लोक जरा निरखून बघतात. भाईंनाही ते टोमणे बसले. माझं मत विचाराल तर गावकऱ्यांची बाजू रास्त होती, आणि एका माणसाने जुन्या स्टिक घेऊन चेंडू मारण्याशी तिचा काही संबंध नाही.

अंगणातली मॅट

कोर्स लांब, म्हणून भाईंनी घरीच सोय केली. भाच्याकरवी जाळी मागवली, कृत्रिम गवताची मॅट मागवली. जाळी पोफळीच्या दोन खांबांना ताणून बांधली आणि मॅट टाकली सिमेंटच्या अंगणात. रोज सकाळी चहाआधी चेंडूंची बादली रिकामी करायची. शनिवार-रविवारी दोनदा.

मी घरी जाऊन ती मॅट बघितली. रुग्णाने काय केलं हे ऐकणं वेगळं आणि ते कशावर केलं हे बघणं वेगळं. मॅट बोटभर जाडीची, खाली पातळ फोम, त्याखाली थेट सिमेंट. चेंडू ठेवायच्या खुणेच्या मागे, म्हणजे चेंडूपर्यंत पोचायच्या आधी क्लब (गोल्फची स्टिक) जिथून जातो तिथे, गवत झिजून खालची काळी जाळी दिसत होती. खुणेच्या पुढचं गवत मात्र नव्यासारखं. प्रत्येक फटक्यात क्लब आधी जमिनीवर आदळत होता आणि मग चेंडूवर जात होता, हे तिथेच लिहिलेलं होतं. गोल्फमध्ये याला फॅट शॉट म्हणतात. गवतावर असा फटका बसला की क्लब मातीत रुततो, चेंडू चार पावलांवर पडतो आणि खेळाडूला चूक लगेच कळते. मॅटवर क्लब रुतत नाही, घसरून पुढे जातो, चेंडू जाळीत सणसणीत बसतो आणि आवाजही चांगला येतो. चूक झाकली जाते, धक्का मात्र मनगटातून कोपरापर्यंत जातो.

भाईंना मी झिजलेला पट्टा दाखवला. ते म्हणाले, "डॉक्टर, चेंडू तर सरळ जातोय."

जाळी दहा फुटांवर. सरळ जातोय की नाही हे जाळी सांगत नाही.

तपासणीत काय दिसलं

कोपराचं निदान सोपं होतं. मनगट आणि बोटं आत वळवणारे, तळहात पालथा करणारे स्नायू ज्या कंडऱ्यांनी आतल्या उंचवट्याला चिकटतात, तिथे बोट दाबलं की भाई दचकत. मनगट आत वळवायला सांगून विरोध केला की दुखे, हात पालथा करायला सांगून विरोध केला की अधिकच. हा गोल्फर्स एल्बो. नाव गोल्फचं असलं तरी सुतार, गवंडी आणि स्वयंपाकघरात राबणारी माणसंही त्याचे धनी असतात. आणि गोल्फ खेळणाऱ्यांना कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणंही होतं, बहुधा पुढच्या, म्हणजे लक्ष्याकडच्या हाताला. उजव्या हाताने खेळणाऱ्याला फॅट शॉटचा फटका बसतो तो मागच्या, म्हणजे उजव्या हाताच्या आतल्या बाजूला. हे चित्र तंतोतंत जुळत होतं.

अशा वेळी दोन गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. एक, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या येतात का. आतल्या उंचवट्यामागून जाणारी नस दाबली गेली असेल तर उपचारांची दिशा बदलते. दोन, मान. दोन्ही बाबतीत भाई ठीक होते. साखर सीमारेषेवर असल्याने कंडरा सावकाश भरून येणार हे गृहीत धरलं आणि त्यांच्या डॉक्टरांना तसं कळवलं.

आधी त्यांना एका ठिकाणी स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं गेलं होतं. ते त्यांनी घेतलं नव्हतं, आणि मीही आग्रह केला नाही. टेनिस एल्बोवर झालेल्या अभ्यासांत असं दिसलेलं आहे की इंजेक्शनने पहिले काही आठवडे छान वाटतं, पण वर्षभराने हिशेब मांडला तर ते घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा सरस नसते, उलट दुखणं परत येण्याचं प्रमाण जास्त असतं. आतल्या बाजूच्या दुखण्यालाही मी तोच धडा लावतो.

मग मी त्यांना टेबलावर पालथं झोपवलं आणि गुडघे काटकोनात वाकवून दोन्ही पाय बाहेर पडू दिले. या स्थितीत पाऊल बाहेर जातं तेव्हा मांडीचं हाड खुब्यात आत वळतं. उजवा पाय बऱ्यापैकी गेला. डावा थोडा गेला आणि पावसात फुगलेल्या दारासारखा अडला. जोर लावला तर कंबरच उचलली जायची.

आयुष्यभर मांडी घालून बसलेल्या आपल्या लोकांचा खुबा बाहेरच्या बाजूला छान वळतो, आत वळायला कुरकुरतो. हे मी क्लिनिकमध्ये रोज बघतो. पण दोन बाजूंत एवढा फरक असणं साधं नव्हतं. खुब्याच्या सांध्याची झीज सुरू होते तेव्हा बहुतेकदा सगळ्यात आधी जातं ते हेच आतलं वळण. एक्स-रे काढून घेतला. डाव्या खुब्यात सौम्य झीज निघाली. भाईंना तिथे कधी दुखलं नव्हतं, कारण रोजच्या जगण्यात एवढं वळावंच लागत नाही. गोल्फमध्ये लागतं.

उजव्या हाताने खेळणारा फटका मारतो तेव्हा वजन उजव्या पायावरून डाव्यावर येतं आणि ओटीपोटाचा अख्खा भाग डाव्या मांडीवर वळतो. डावा पाय जमिनीत रोवलेला, वरचं शरीर डावीकडे फिरतंय, म्हणजे डावा खुबा आत वळतोय. तो वळला नाही तर वजन उजव्या पायावर अडकतं. वजन मागे राहिलं की क्लबच्या कमानीचा सगळ्यात खालचा बिंदूही मागे राहतो, चेंडूच्या अलीकडे. क्लब आधी जमिनीला लागतो. जमीन सिमेंटची असेल तर कोपर बोंबलतं.

हाच खुबा अडल्यावर काही जण हाताऐवजी कमरेने भरपाई करतात आणि मग मणके दुखतात. हौशी गोल्फपटूंच्या दुखण्यांत कंबर पहिल्या क्रमांकावर आहे ती उगीच नाही. भाईंची कंबर वाचली, कोपर सापडलं.

विसरलेलं नसणं

खेळाकडे परतणाऱ्या माणसाला वाटतं आपण सगळं विसरलो असू. माझ्या अनुभवात अडचण उलटी असते. हालचालीची आठवण मेंदूत जशीच्या तशी असते, सायकलसारखी ती जात नाही. भाईंनी स्टिक हातात धरली की सत्ताविसाव्या वर्षीचा स्विंग बाहेर येई: क्लब डोक्यामागे पार आडवा, खांदे पूर्ण वळलेले, दोन्ही टाचा जमिनीला खिळलेल्या आणि खाली येताना तीच घाई. अंग त्रेपन्न वर्षांचं आणि हुकूम सत्ताविशीचा. अगदी नवशिका पन्नाशीत येतो तेव्हा निदान सावकाश तरी सुरुवात करतो.

भाईंचा युक्तिवाद तयार होता. टॉम वॉटसनने 2009 साली टर्नबेरीला 59व्या वर्षी ब्रिटिश ओपन जवळजवळ जिंकली होती, प्लेऑफमध्ये स्टुअर्ट सिंककडून हरला. जॅक निक्लॉसने 1986 चं मास्टर्स 46व्या वर्षी जिंकलं. दोन्ही उदाहरणं खरी आहेत. पण हे दोघे मधली वीस वर्षं थांबले नव्हते. त्यांचं शरीर आणि स्विंग बरोबरीने म्हातारे होत गेले, दरवर्षी थोडी तडजोड करत. भाईंना ती सगळी तडजोड एका पावसाळ्यात करायची होती. निक्लॉसचा एक गुण मात्र मी उचलला: क्लब मागे नेताना तो डावी टाच उचलायचा.

केरीची वाळू

मॅट बंद केली. गोल्फ बंद केलं नाही. पूर्ण विश्रांतीने कंडरा दुबळी होते आणि माणूस चिडचिडा. पटिंग, म्हणजे चेंडू हलक्या हाताने होलमध्ये घरंगळवणं, चालू ठेवलं. गुळगुळीत कोबा असलेली ओसरी, आडवं ठेवलेलं फुलपात्र आणि पटर. गोल्फच्या होलचा व्यास 108 मिलिमीटर, फुलपात्राचं तोंड त्याहून लहान, म्हणजे सराव जरा कडकच.

पूर्ण फटक्याची तपासणी मात्र करायची होती, आणि तिला अशी जमीन हवी होती जी खोटं बोलणार नाही. मोरजी आणि मांद्रेला कासवं अंडी घालतात, ते किनारे आधीच बाद. केरीला सुरूच्या बनापलीकडे ओहोटीला कडक, ओली वाळू उघडी पडते. सकाळी लवकर, माणसं यायच्या आत, फक्त फोमचे चेंडू घेऊन गेलो. समोर नदीपलीकडे तेरेखोलचा किल्ला. भाईंना त्यातला विनोद लगेच कळला.

प्रयोग जुना आणि फुकटचा आहे. वाळूत क्लबने फटक्याच्या दिशेला काटकोनात एक रेघ ओढायची. चेंडू त्या रेघेवर आहे असं समजून, चेंडू न ठेवता स्विंग करायचा आणि वाळूवर उमटलेली खूण बघायची. आयर्नने खूण रेघेवर किंवा रेघेच्या पुढे सुरू व्हायला हवी. भाईंच्या खुणा रेघेच्या अलीकडे चार बोटं सुरू होत होत्या. एक नाही, सगळ्या. "बहारीनमध्ये असं नव्हतं हो," ते म्हणाले, आणि ते खरंच असणार.

मग दोनच बदल केले. डाव्या पायाचा चवडा लक्ष्याच्या दिशेने चांगला बाहेर वळवला. असं केल्याने खुबा सुरुवातीलाच बाहेर वळलेला असतो, त्यामुळे आत वळताना अडायच्या आधी त्याला जास्त वाट मिळते. आणि क्लब मागे नेताना डावी टाच उचलू दिली, म्हणजे मागचं वळण कमरेवर न येता पायांतून येतं आणि टाच खाली टेकवतानाच वजन डावीकडे सरकतं. क्लबही खांद्याच्या उंचीवर थांबवायला सांगितला. पहिल्या काही खुणा इकडे-तिकडे भटकल्या. मग खूण रेघेवर आली, पुढची रेघेच्या किंचित पुढे.

भाई खाली वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे पाय वाकडा ठेवायचा एवढंच?" एवढंच नव्हतं. पण बिघाड कोपरात नाही याचा पुरावा समोर वाळूत होता, आणि रुग्णाला पुरावा स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की व्यायाम करून घेण्यासाठी मागे लागावं लागत नाही.

पावसाळा

जून ते सप्टेंबर गोव्यात तसंही कोण गोल्फ खेळतं. चेंडू पडतो तिथे चिखलात रुतून बसतो. हे चार महिने आमच्या कामाला आले.

कोपरासाठी आधी स्थिर जोर: तळहात टेबलाखाली लावून वर दाबायचं, न हलता, धरून ठेवायचं. दुखणं सहन होण्याइतकं चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं चालणार नाही. ते जमल्यावर पाण्याची बाटली हातात घेऊन मनगट सावकाश खाली सोडायचं, वर आणायला दुसऱ्या हाताची मदत. पुढे घरातला हातोडा दांड्याच्या टोकाला धरून तळहात उताणा-पालथा करायचा. डोकं जड असल्याने पालथा करणाऱ्या स्नायूला नेमकं काम मिळतं. खुब्यासाठी बसून आणि उभ्याने वळण्याचे व्यायाम, नितंबांचा जोर, पाठीच्या वरच्या भागाचं वळण. झिजलेला खुबा मोकळा होईल असं आश्वासन दिलं नाही. आहे ते वळण टिकवायचं आणि त्याच्या भोवतीने वाट काढायची, असं स्पष्ट सांगितलं.

दुखणं उतरत गेलं आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, उसळलं. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची चौकट वर चढवताना, फळं बांधताना हात तासन्‌तास डोक्याच्या वर. त्यात पातोळ्या आणि नेवऱ्यांसाठी नारळ खवायला बसले, तेही उजव्या हाताने आणि हौसेने. वहिनींचा फोन आला, की यांना गोल्फपेक्षा नारळ जास्त भोवला. बरोबरच होतं. खवताना मूठ घट्ट आणि मनगट सतत आत वळलेलं, कंडरेला तेच काम हजारदा. दोन पावलं मागे जाऊन परत स्थिर जोरापासून सुरुवात केली. पुढच्या वर्षी नारळ भाच्याकडे, असं घरात ठरलंय म्हणतात.

बॅगेतलं सामान

याच काळात माळ्यावरची बॅग नीट उघडून बघितली. खाऱ्या हवेत वीस-पंचवीस वर्षं राहिलेल्या वस्तूंचं जे व्हायचं तेच झालं होतं. आयर्नच्या चेहऱ्यावरचा क्रोम फुगून सुटला होता, शाफ्टच्या, म्हणजे स्टिकच्या दांड्याच्या, बुडाशी गंज. सगळ्यात वाईट अवस्था ग्रिपची. रबर कडक होऊन काचेसारखं गुळगुळीत, आणि अंगठ्याखाली खळगा. निसटती ग्रिप माणूस नकळत आवळून धरतो, आणि आवळलेली मूठ म्हणजे थेट त्याच स्नायूवर भार. नवीन ग्रिप बसवणं हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त उपचार होता, आणि माझ्या मते दुखणाऱ्या कोपरासाठी पट्ट्यापेक्षा कितीतरी मोलाचा.

शाफ्ट कडक स्टीलचे होते, तरुण जोरदार स्विंगसाठी घेतलेले. त्यांच्या जागी मऊ लवचीक ग्रॅफाइट घ्यायला सुचवलं. तीन आणि चार नंबरच्या आयर्नची जागा हायब्रिडने, म्हणजे जाड डोक्याच्या, मारायला सोप्या स्टिकने घेतली. इथे भाई थोडे दुखावले, तीन नंबर त्यांचा लाडका. एक गंमत मात्र त्यांना आवडली: आताचा सात नंबर जुन्या सात नंबरपेक्षा लांब जातो, कारण कंपन्यांनी चेहऱ्याचा कोन उभा करत आणला आहे. तेव्हाच्या सात नंबरचा कोन साधारण 35 अंश, आताच्या अनेक सेटमध्ये 30 च्या आसपास. आकडा तोच, स्टिक दुसरी.

बूट तर पहिल्याच दिवशी संपले. भाईंनी जुने बूट घालून अंगणात चार पावलं टाकली आणि तळवा वड्यांसारखा फुटून खाली पडला. पॉलियुरेथेनचे तळवे दमट हवेत आतून विरतात, बाहेरून बूट धडधाकट दिसतो. त्या बुटांना धातूचे खिळेही होते. ते गेले ते बरं झालं, कारण जमिनीत घट्ट रुतलेलं पाऊल खुब्याला वळू देत नाही.

काणकोण

दसऱ्यानंतर भाई काणकोणला गेले. मी सोबत होतो, कारण रुग्ण टेबलावर जे करतो आणि चार अनोळखी माणसांसमोर जे करतो त्यात फार अंतर असतं.

कोर्सवर बॅटरीची गाडी घ्यायची नाही, चालायचं, हे आधीच ठरलं होतं. 2000 साली फिनलंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बैठं जीवन जगणाऱ्या 48 ते 64 वयाच्या पुरुषांनी 20 आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा चालत गोल्फ खेळलं. वजन आणि कंबरेचा घेर उतरला, चांगलं कोलेस्टेरॉल वाढलं. भाईंची साखर आणि रक्तदाब बघता खेळातला हाच भाग मला सगळ्यात जास्त हवा होता. बॅटरीच्या गाडीत बसून खेळलं की हे चालणं बरंचसं बुडतं. दमट हवा म्हणून पाणी, मीठ-साखरेचं सरबत आणि उन्हं चढायच्या आत संपवायचं.

पहिल्याच होलला वाद. भाईंचा चेंडू झाडीत गेला, ते निवांत शोधत राहिले. सोबतच्या तरुण मुलाने घड्याळ दाखवलं: शोधायला तीनच मिनिटं. भाई म्हणाले पाच. 2019 मध्ये नियम बदलले आणि पाचाची तीन झाली. पुढे नियमाप्रमाणे चेंडू हाताने खाली टाकायची वेळ आली तेव्हा भाईंनी हात खांद्याच्या उंचीवर नेला. आता गुडघ्याच्या उंचीवरून टाकतात. पटिंगला झेंडा काढायला ते धावले. आता झेंडा होलमध्ये ठेवूनही पट करता येतो. एवढ्या बदलांनंतर त्यांनी हात टेकले आणि त्या मुलालाच पंच नेमलं. हँडिकॅपही जगभर 2020 पासून एकाच पद्धतीने मोजला जातो आणि 54 पर्यंत मिळतो हे ऐकून त्यांचा जुना 16 त्यांनी स्वतःच मागे घेतला.

खेळ कसा झाला ते अटीप्रमाणे लिहीत नाही. शरीर कसं वागलं ते लिहितो. पहिल्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, त्यांनी डावा चवडा बाहेर वळवला, टाच उचलली, चेंडू सरळ गेला, पूर्वीपेक्षा बराच कमी. तिसऱ्या होलपर्यंत तसंच. मग शेजारच्या मुलाने ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारायच्या स्टिकने) मारलेला चेंडू दूर उडताना बघितला आणि पुढच्या टीवर सत्ताविसाव्या वर्षीचा स्विंग परत आला, चवडा सरळ, टाच खिळलेली, क्लब पार मागे. फटका जमिनीत. त्यांनी उजव्या कोपरावर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं नाही, आणि उरलेले होल पुढच्या टीवरून खेळले, जिथून अंतर कमी आहे. ते मी सुचवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर थोडं जड होतं, दुखत नव्हतं.

आजची स्थिती

बालदी उचलताना कळ नाही. टॉवेल पिळताना कधीतरी जाणवतं. मुठीची ताकद डाव्या हाताच्या बरोबरीला आली आहे. खुब्याचं वळण जेवढं होतं त्याहून थोडं सुधारलंय, एवढंच. वर्षाने पुन्हा एक्स-रे काढणार आहोत. झीज वाढली आणि पुढेमागे सांधा बदलायची वेळ आली तरी गोल्फ सुटेलच असं नाही, बहुतेक सर्जन बऱ्या झालेल्या रुग्णाला परत खेळू देतात. हे ऐकून भाईंची अर्धी चिंता गेली.

मॅट भाच्याला देऊन टाकली. सराव केरीच्या वाळूवर चालतो, ओहोटीच्या वेळा बघून. काणकोणला जाणं महिन्यातून एखाद्या वेळी, तेही कुणी सोबतीला असेल तर. ड्रायव्हरला लवचीक शाफ्ट बसवायला भाई अजून तयार नाहीत. कडक शाफ्टने चेंडू खाली राहतो आणि उजवीकडे जातो हे त्यांना दिसतं, पण तो शाफ्ट त्यांनी बहारीनमध्ये पहिल्या बोनसमधून घेतला होता. या मुद्द्यावर आमची चर्चा चालू आहे, आणि वहिनी माझ्या बाजूने आहेत.